तीन परदेशी खेळाडूंचा नियम सगळ्यांना सारखाच पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेममध्ये (इथे प्रत्येकजण मॅनेजर म्हणून आपला क्लब चालवतो) पुढच्या सीझनपासून मैदानावर तीनच परदेशी खेळाडू उतरवता येणार आहेत. विचारणारे गृहस्थ भारताच्या लीगमध्ये टीम चालवतात. भारतात मॅनेजर मोजके, त्यामुळे बाजारात भारतीय खेळाडूही मोजके. इटली-जर्मनीवाल्यांचा घरचा बाजार मात्र कायम भरलेला. हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच लीगमधले काहीजण म्हणतात, आकडा सगळ्यांना तोच आहे, मग तक्रार कसली?

मी असे गेम बरीच वर्षं खेळतोय आणि मित्रांच्या ऑनलाइन लीगचे नियमही लिहिलेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमची तक्रार रास्त आहे, पण तुम्ही ती चुकीच्या जागी मांडताय. 'आम्हाला परदेशी खेळाडू कमी मिळतील' हा तुमचा खरा तोटा नव्हे. तुम्ही घडवलेल्या पोरांना गिऱ्हाईक राहणार नाही, हा खरा तोटा. तो मुद्दा मांडलात तर गेम चालवणाऱ्यांना ऐकून घ्यावं लागेल.

आधी विरोधकांचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य करू. एकाच देशाच्या लीगमध्ये आठ टीम असतील तर त्या आठही जणांना एकाच बाजारातून स्थानिक खेळाडू घ्यायचे आहेत. तुम्हाला चांगला भारतीय स्ट्रायकर मिळत नाही, तर शेजारच्यालाही मिळत नाही. त्यामुळे लीगचा दर्जा खाली येईल, पण लीगमधली चुरस बिघडणार नाही. नियमाच्या बाजूने बोलणारे एवढंच बघतात आणि थांबतात.

आता या खेळांत स्थानिक खेळाडू तयार कसे होतात ते बघा. तुमच्या युवा अकादमीतून येणारा मुलगा तुमच्याच देशाचा असतो. म्हणजे ज्या देशात मॅनेजर जास्त, त्या देशाचे खेळाडू जास्त. खऱ्या जगात लोकसंख्या, मैदानं, प्रशिक्षक, शाळा अशा शंभर गोष्टी मध्ये येतात. इथे सरळ गुणाकार आहे. समजा, एका देशात ५,००० मॅनेजर आहेत आणि दुसऱ्यात १५०. प्रत्येकाच्या अकादमीतून आठवड्याला एक मुलगा बाहेर पडतो आणि सीझन १६ आठवड्यांचा आहे. मोठ्या देशात सीझनला ८०,००० मुलं आली, लहान देशात २,४००. त्यातला हजारात एकच पहिल्या डिव्हिजनच्या लायकीचा निघतो असं धरलं, तर मोठ्या देशाला ८० मिळाले आणि लहान देशाला दोन किंवा तीन. असा खेळाडू सर्वोच्च पातळीवर आठ सीझन टिकतो असं धरा. म्हणजे कोणत्याही वेळी मोठ्या देशाकडे असे ६४० खेळाडू आहेत आणि लहान देशाकडे १९-२०.

आणि गरज? तीन परदेशी म्हणजे अकरांत आठ स्थानिक. आठ टीम गुणिले आठ, ६४. मोठ्या देशात ६४ जागांसाठी ६४० जण उभे आहेत. लहान देशात त्याच ६४ जागा आहेत आणि माणसं वीससुद्धा नाहीत.

हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गेमचे खरे आकडे घालून हाच हिशोब करा. गुणोत्तर बदलेल, दिशा बदलणार नाही.

आता याच आकड्यांकडे विक्रेता म्हणून बघा. मोठ्या देशाचा खेळाडू बाजारात आला की ५,००० जणांसाठी तो घरचा असतो. त्याला घेताना कुणाचीही परदेशी जागा खर्च होत नाही. तुमच्या भारतीय मुलाला ज्यांना कोट्याची चिंता न करता घेता येईल असे लोक १५०. बाकी सगळ्या जगासाठी तो परदेशी. तीनच जागा हातात असलेला इटालियन मॅनेजर त्यातली एक तुमच्या बऱ्यापैकी मिडफिल्डरवर का घालवेल? ती जागा तो जगातल्या सर्वोत्तमांसाठीच राखून ठेवणार. म्हणजे लहान देशांचे मधल्या दर्जाचे खेळाडू, ज्यांच्या विक्रीवर आपल्यासारख्यांच्या क्लबचा गाडा चालतो, ते एका सीझनमध्ये विकले जायचे थांबतात. जे विकले जातात ते पडेल भावाने.

घरच्या बाजारात नेमकं उलटं होतं. तिथे वीस खेळाडूंमागे आठ क्लब लागलेले. लिलावाची शेवटची दहा मिनिटं आठवा. चार जण बोलीवर बोली चढवतायत, वेळ पुन्हा पुन्हा वाढतेय आणि शेवटी खेळाडू त्याच्याकडे जातो ज्याच्या बँकेत जुनी शिल्लक पडून आहे. ती कुणाकडे असते? सुरुवातीपासून टीम चालवणाऱ्याकडे. काल आलेल्या मॅनेजरला पूर्वी निदान पोलंडचा किंवा रुमानियाचा तेवढ्याच ताकदीचा स्वस्त खेळाडू घेता यायचा. आता तो रस्ता बंद. श्रीमंत क्लबांना आवर घालायला आणलेला नियम लहान देशात श्रीमंतांच्याच पथ्यावर पडतो. म्हणून वर मी लीगमधली चुरस बिघडत नाही असं जे मान्य केलं, तेही अर्धंच खरं आहे. सगळे एकाच बाजारात असले तरी सगळ्यांच्या खिशात सारखे पैसे नसतात, आणि माल जितका दुर्मिळ तितका खिशाचा फरक जास्त दिसतो. मोठ्या देशात मात्र हा नियम खरोखर श्रीमंतांना रोखतो, कारण तिथे ठीकठाक स्थानिक खेळाडू सगळ्यांनाच परवडतो. एकच नियम दोन देशांत दोन उलटी कामं करतो.

खऱ्या फुटबॉलमध्येही हे सगळं होऊन गेलंय, आणि गेम बनवणारे खऱ्या फुटबॉलचंच नाव पुढे करत असल्याने तिकडे बघायलाच हवं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय स्पर्धांत 'तीन अधिक दोन' असा नियम होता: तीन परदेशी, आणि त्या देशात सलग पाच वर्षं, त्यातली तीन युवा संघात, खेळलेले आणखी दोन. मँचेस्टर युनायटेडसाठी स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडचे खेळाडूही परदेशी धरले जात. इंग्लिश लीगमध्ये ते बिनदिक्कत खेळायचे. युरोपात गेलं की मोजणी सुरू. नोव्हेंबर १९९४मध्ये बार्सिलोनाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, कॅम्प नोऊवर, जागा वाचवण्यासाठी त्यांनी गोलकीपर पीटर श्मायकेललाच बाहेर बसवलं आणि ४-० असा मार खाल्ला. वर्षभराने, १५ डिसेंबर १९९५ रोजी, बॉसमन खटल्याचा निकाल लागला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांवरची अशी मर्यादा बेकायदा ठरली.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. यूएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, मग पासपोर्ट मोजणं सोडलं आणि खेळाडू घडला कुठे हे मोजायला सुरुवात केली. २००६-०७पासून हा नियम टप्प्याटप्प्याने आला. आता २५ जणांच्या यादीत आठ जागा अशा खेळाडूंसाठी असतात, जे १५ ते २१ या वयात तीन सीझन त्या क्लबमध्ये किंवा त्या देशाच्या दुसऱ्या क्लबमध्ये होते. तेवढे खेळाडू नसतील तर जागा रिकामी राहते, यादी लहान होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही २०१०-११पासून याच धर्तीचा नियम घेतला. तिथे २५ जणांत बाहेर घडलेले जास्तीत जास्त १७. सेस्क फाब्रेगास स्पेनचा. पण तो सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आला आणि तिथेच तयार झाला, म्हणून या नियमात तो घरचा ठरला. त्याचा पासपोर्ट बदलला नाही, आणि बदलायची गरजही पडली नाही.

या नियमावरही आक्षेप आलेच. रॉयल अँटवर्प या बेल्जियन क्लबच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये त्याच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. न्यायालयाला आपल्या गेमशी कर्तव्य नाही, पण पासपोर्टच्या नियमापेक्षा हा बरा, हे माझं ठाम मत आहे. कारण यात मॅनेजरच्या मेहनतीला जागा आहे. तुम्ही कोणत्या देशाच्या लीगमध्ये नाव नोंदवलंत ते आता बदलता येत नाही; कोणाला घडवायचं हे मात्र तुमच्या हातात असतं.

आपल्याकडचं उदाहरण आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं. २०१४मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा मैदानावर निदान पाच भारतीय हवेत एवढीच अट होती, म्हणजे सहा परदेशी चालायचे. २०१७-१८पासून पाच झाले. २०२१-२२पासून चार. हेतू चांगला होता आणि काही प्रमाणात साधलाही. बचावात आणि मधल्या फळीत भारतीय मुलांना मिनिटं मिळाली. पण मर्यादा डोकी मोजते, जागा मोजत नाही. क्लबांनी परदेशी जागा कुठे वापरल्या? पुढे. एफसी गोवाच्या कोरोमिनास या स्पॅनिश स्ट्रायकरने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन सीझन सर्वाधिक गोल केले आणि प्रत्येक क्लबला आपापला कोरोमिनास हवासा झाला. गोलकीपर मात्र बहुतेक सगळे भारतीय, कारण त्या जागेवर परदेशी माणूस घालवणं परवडत नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे. जून २०२४मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघात परत यावं लागलं आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण चाळिशीच्या स्ट्रायकरला परत बोलवावं लागतं, याचा अर्थ मधल्या दहा वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी तयार झालं नाही.

तुमच्या गेममध्ये हेच होणार. तीनही परदेशी जागा स्ट्रायकर आणि प्लेमेकर खातील. 'स्थानिक खेळाडूंना उत्तेजन' ही घोषणा गोलकीपर आणि फुल-बॅकपर्यंत पोचेल आणि तिथेच थांबेल.

एका बाबतीत माझा या नियमाला पूर्ण विरोध आहे, ती म्हणजे आंतरराष्ट्रीय कप. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानात एफसी गोवा आणि सौदीचा अल नस्र यांचा एएफसी चॅम्पियन्स लीग टूचा सामना झाला. एएफसीने, म्हणजे आशियाई फुटबॉलच्या संघटनेने, २०२४-२५पासून आपल्या क्लब स्पर्धांतली परदेशी खेळाडूंची मर्यादाच काढून टाकली आहे. पण क्लब आपला संघ बांधतो तो घरच्या लीगच्या नियमांत राहून. सौदी लीगमध्ये दहा परदेशींची नोंदणी करता येत होती, आयएसएलमध्ये सहांचीच. कागदावर दोघांनाही मोकळीक. मैदानावर उतरलेल्या संघांमागे दोन वेगळ्या लीगचे नियम आणि दोन वेगळ्या तिजोऱ्या. गोव्याने हार २-१ एवढ्यावर रोखली आणि ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण रोज अशा सामन्यांची अपेक्षा कुणी करू नये. तुमच्या गेममध्ये तर विषमता याहून जास्त असेल. तिथे कपमध्येही तीनचीच मर्यादा राहणार, म्हणजे त्यांच्या ६४०मधल्या सर्वोत्तम आठांविरुद्ध आपल्या वीसमधले आठ. निकाल लावायला सामना खेळायची गरज उरत नाही.

मग काय मागायचं? नुसतं 'तीनऐवजी पाच करा' म्हणू नका. पाच केल्याने दुखणं थोडं कमी होईल, पण मोठ्या देशाला जो फायदा आहे तो तसाच राहील.

हॅटट्रिक हा १९९७पासून चालू असलेला असाच एक स्वीडिश फुटबॉल मॅनेजर गेम. तिथे परदेशी खेळाडूंवर संख्येची मर्यादा नाही. परदेशी खेळाडूचा पगार २० टक्के जास्त पडतो, एवढंच. मला ही पद्धत आवडते. घरच्या खेळाडूला किंमत राहते, राष्ट्रीय संघासाठी मुलं घडवण्यात अर्थ राहतो, पण दार बंद होत नाही. ज्याला परदेशी खेळाडू घ्यायचाय त्याने जादा पगार मोजावा. बाजार कोसळत नाही, कारण तुमचा मिडफिल्डर जगभर थोडा महाग होतो, निषिद्ध होत नाही. उणीव एक आहे. पैसेवाल्याला २० टक्क्यांनी फरक पडत नाही. त्यासाठी चढता दर ठेवता येईल: पहिल्या तिघांवर काही नाही, पुढच्या तिघांवर थोडा, त्यापुढे जबर.

माझी पहिली पसंती मात्र घडवण्याच्या नियमाला. ज्या खेळाडूने एकविसाव्या वर्षाआधी तुमच्या क्लबमध्ये तीन सीझन काढले, तो त्या क्लबसाठी कायमचा स्थानिक. मग १५० मॅनेजरांच्या देशातला माणूसही सतरा वर्षांचा ब्राझिलियन किंवा नायजेरियन मुलगा स्वस्तात घेईल, तीन सीझन ट्रेनिंग देईल आणि आठ स्थानिकांत त्याला मोजेल. यावर आक्षेप येईल की श्रीमंत क्लब पोरांचा साठा करतील. करतील, अडवलं नाही तर. म्हणून दोन अटी हव्यात: अकादमीच्या वयाचे खेळाडू ठरावीक संख्येपेक्षा जास्त ठेवता येऊ नयेत, आणि त्या तीन सीझनमध्ये मुलाने ठरावीक सामने प्रत्यक्ष खेळलेले असावेत. नुसतं बाकावर बसवून कुणी घरचा होऊ नये.

गेम चालवणाऱ्यांशी बोलताना फसवणुकीचा मुद्दा जरूर काढा. तो त्यांना लगेच कळतो. पासपोर्टवर कडक मर्यादा घातली की लहान देशात स्थानिक खेळाडू सोन्याच्या भावाने जातो. मग कुणीतरी त्याच देशात दुसऱ्या नावाने खातं उघडतो, अकादमी चालवतो आणि मुलं स्वतःच्या मुख्य क्लबकडे वळवतो. मोठ्या बाजारात अशा लबाडीतून फारसं मिळत नाही. लहान बाजारात मिळतं.

आणि पुरावा घेऊन जा. ट्रान्सफर मार्केटमध्ये एकच कौशल्य-पातळी आणि एकच वय लावून शोधा. एकदा भारत, एकदा इटली, एकदा तुमच्याएवढाच दुसरा छोटा देश. किती खेळाडू दिसतात आणि किती भावाला जातात, ते आठवड्यातून ठरल्या वारी लिहून ठेवा. मर्यादा लागू व्हायच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही आठवडे एकमेकांशेजारी मांडा. 'अन्याय होतोय' या वाक्यावर कुणीही वाद घालेल. तक्त्यावर वाद घालणं अवघड जातं. तुमच्यासारख्याच इतर छोट्या देशांच्या मॅनेजरांना सोबत घ्या, कारण एकटा भारत बोलला तर हा एका गटाचा हट्ट वाटेल.

मुदतीचा प्रश्नही मागणीत घाला, तोही तितकाच खरा आहे. ज्याने गेल्या महिन्यात त्या वेळच्या नियमाप्रमाणे सहा परदेशी खेळाडू घेतले, त्याने काहीही चूक केलेली नाही. नियम जाहीर झाल्यापासून लागू होईपर्यंत निदान दोन पूर्ण सीझन जावेत. आधीपासून क्लबमध्ये असलेले खेळाडू त्यांच्या क्लबपुरते मोजणीतून वगळावेत. पुढे विकले गेले की नव्या क्लबमध्ये मोजावेत. यात नियमाचा हेतू कुठेच मोडत नाही.

नियम बदलला नाही तरी टीम चालवायची आहेच. तर या आठवड्यात घाबरून परदेशी खेळाडू विकू नका. घोषणा झाली की सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव तळाला जातात. तिशीच्या आसपासचा परदेशी बचावपटू असेल तर त्याला बाकावर ठेवून दुखापतींसाठी वापरा; आता विकून हाती फारसं काही येणार नाही. तीन जागा कुणाला द्यायच्या, हे खेळाडू किती चांगला आहे यावर ठरवू नका. त्याच्या जागी घरचा घेतला तर किती फरक पडतो, त्यावर ठरवा. तुमच्याकडे बरा भारतीय स्ट्रायकर असेल आणि सेंट्रल मिडफिल्डमध्ये कुणीच नसेल, तर परदेशी जागा मिडफिल्डला द्या, समोरचा काहीही करो. सगळे स्ट्रायकरच्या मागे असतात तेव्हा बाकीच्या जागांवरचे चांगले परदेशी स्वस्तात मिळतात. अकादमीचं ट्रेनिंग मात्र आजच स्ट्रायकरकडे वळवा. दोन सीझननंतर घरच्या बाजारात सर्वात जास्त टंचाई त्याच जागेची असेल, आणि तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा तयार भारतीय स्ट्रायकर ज्याच्याकडे असेल, भाव तो ठरवेल.